कुरणवाडीची अनोळखी वस्तू

“सर, तुमी हितं बसा, ह्या कोपऱ्याला,” ठकूबाई निमसे म्हणाली. शाळेच्या ओसरीवर तिने नवी गोधडी अंथरली होती, चारी टोके ओढून सारखी केली होती आणि मला नेमून दिलेल्या कोपऱ्यावरून दोनदा तळहात फिरवला होता. कर्नल गुप्ते मध्ये बसले, सुभेदार खिलारे त्यांच्या डाव्या हाताला आणि मी उजव्या हाताला, कोपऱ्याशी. जानेवारी १९८७मधल्या एका सकाळी लष्कराच्या त्रिसदस्य समितीने कुरणवाडी नावाच्या गावात आपले कामकाज सुरू केले ते असे. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंची ओळख पटवणे, हे ते कामकाज.

खुर्च्या नव्हत्या असे नाही. सरपंच मारुतराव ठुबे यांनी दोन खुर्च्या आणि एक सतरंजी पाठवली होती. पण कुरणवाडीत नवी गोधडी घरचे माणूस आधी अंगाखाली घेत नाही. तिच्यावर आधी पाहुणा बसतो, मग ती घराची होते. गावात पाहुणा आला आहे आणि आपल्या घरात नवी गोधडी आहे, असे एखाद्या बाईने चारचौघांत सांगितले की तिला नाही म्हणण्याची सोय सरपंचालाही उरत नाही. ठुब्यांनी सतरंजी गुंडाळायला लावली आणि तोंड फिरवले. ठकूबाईचा नवरा भिकाजी अठरा दिवसांपासून कोठडीत होता, आणि तो ठुब्यांचीच कडब्याची गंज व गंजीलगत बांधलेली बैलजोडी जाळल्याच्या आरोपावरून होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सतरंजीच्या या अपमानाची खोली कळेल.

गंज जळाली ती नऊ जानेवारीच्या रात्री. त्याच रात्री, त्याच सुमारास, गावाच्या उत्तरेला आकाशात तीन दिवे दिसले होते: पांढरेफटक, एका रांगेत टांगल्यासारखे, वाऱ्याबरोबर संथ सरकणारे. पहिला विझला, मग दुसरा. तिसरा गावावर आला आणि पूर्वेच्या शिवाराकडे गेला. पूर्वेच्या शिवारात ठुब्यांची गंज होती. साध्या बुद्धीच्या माणसाने या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असत्या. पण पोलिसांना भिकाजी सापडला होता. बांधाच्या भांडणात, “तुझी गंज पेटंल तवा कळंल तुला,” असे तो आठवडाभर आधी पारावर सर्वांसमक्ष बोलून बसला होता. ज्याने भाकीत केले त्यानेच ते खरे केले असणार, एवढा तर्क पोलिसी शास्त्रात पुरेसा मानला जातो.

दिव्यांची जबाबदारी कुलथे गुरुजींनी उचलली. गुरुजी हे शाळेचे मुख्याध्यापक, शाळेतले एकमेव शिक्षक आणि जिल्ह्याच्या दैनिकाचे वार्ताहर, असे तीन गृहस्थ एकाच सदऱ्यात वावरत असत. त्यांनी त्या रात्री अंगणातून दिवे पाहिले आणि सकाळच्या गाडीने बातमी रवाना केली. ‘कुरणवाडीच्या आकाशात उडत्या तबकड्या’ या मथळ्याखाली गुरुजींनी तबकड्यांच्या खिडक्या मोजून दिल्या होत्या, प्रत्येकीला नऊ. ही बातमी मुंबईच्या पत्रांनी उचलली, तेथून ती दिल्लीला पोहोचली, आणि सीमेपासून शेकडो कोस आत, तोफखान्याच्या ऐन सरावभूमीवर परक्या वस्तू घिरट्या घालत आहेत की काय, असा प्रश्न कोणीतरी कोणालातरी लेखी विचारला. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर लागते. समितीचा जन्म त्यातून झाला.

माझा समावेश शोभेसाठी होता. वर्तमानपत्रांनी ओरड करू नये म्हणून समितीत एक नागरी सदस्य, शक्यतो निरुपद्रवी आणि विद्वान असा, घ्यावा असे ठरले. तालुक्याच्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवत होतो, शिलालेखांवर माझी दोन पुस्तके होती, आणि लष्कराच्या दप्तरात माझे नाव आधीपासून होते. सरावभूमीच्या आत, तारेच्या कुंपणापासून दीड मैलावर, एक शिळा उभी आहे. गावकरी तिला गाढवाचा दगड म्हणतात, कारण वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली शापाचे गाढव अशी तिची रचना आहे. कुरणवाडीचे कुरण सरावासाठी घेतले गेले, त्यात हा दगडही गेला. त्या लेखाचा ठसा घेण्याची परवानगी मी अकरा वर्षे मागत होतो. अकरा वर्षे ती विचाराधीन होती.

त्या सकाळी जीपमध्ये कर्नल गुप्ते म्हणाले होते, “तुमचा अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहे, उपासनी सर. बारावे वर्ष लागले म्हणे.”

मी हो म्हणालो.

“काय असेल हो त्या लेखात?”

“वाचल्यावर सांगता येईल.”

ते मनापासून हसले. गुप्ते वाचणारे गृहस्थ होते. त्यांच्या तोंडी शुद्ध पुणेरी मराठी आणि ओठांवर कायम एक सौम्य खंत असे. “वाचाल, वाचाल,” ते म्हणाले. “आज हे तबकड्यांचे उरकू.” याहून एक अक्षर जास्त त्यांनी उच्चारले नाही. कोणतीही अट घातली नाही. सभ्य माणसांना अटी घालाव्या लागत नाहीत. समोरच्याच्या सभ्यतेवर त्यांचा भरवसा असतो.

समितीपुढची प्रश्नावली तेवीस प्रश्नांची होती आणि ती विमान चालवणाऱ्यांसाठी तयार झाली होती, हे पहिल्याच साक्षीत उघड झाले. वस्तूचा वेग आवाजाच्या वेगाच्या किती पट होता, वस्तूने बिनतारी संपर्काचा प्रयत्न केला काय, वस्तूच्या सान्निध्यात आपल्या उपकरणांत बिघाड झाला काय, असे प्रश्न सुभेदार खिलारे चेहऱ्याची सुरकुती न हलवता वाचत आणि उत्तरे लिहून घेत. उपकरणांच्या प्रश्नावर एका शेतकऱ्याने आपल्या विहिरीवरच्या इंजिनाची गेल्या पावसाळ्यापासूनची सर्व दुखणी सांगितली, आणि ती सर्व नोंदवण्यात आली.

सर्वांनी तबकड्या पाहिल्या होत्या. अकरा साक्षी झाल्या, अकराही जणांना प्रत्येक तबकडीला नऊच खिडक्या दिसल्या होत्या. गुरुजी खांबाला टेकून प्रसन्नपणे मान डोलवत होते. आपण शिकवलेले इतक्या जणांच्या इतके ध्यानात राहिल्याचा प्रसंग त्यांच्या नोकरीत पहिलाच असावा.

बारावा साक्षीदार सावळेराम घुले हा सत्तरीचा म्हातारा होता. वस्तू प्रथम कशी दिसली, या प्रश्नावर तो मोकळेपणाने सांगू लागला. आधी लांब तोफेचा ‘धप्’ असा आवाज येतो, मग वर ‘टप्’ होते, टप् झाले की छत्री उघडते, आणि छत्रीखाली बत्ती पेटते. वारा असला की ती वाहते, एका मिनिटात विझते, आणि छत्री मग कुठेही पडते, ती ज्याला सापडेल त्याची.

सरपंच खाकरले.

सावळेरामने त्यांच्याकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाला, “म्हंजी बत्तीचं आसं आसतं. ही तबकडी व्हती.”

“खिडक्या किती?” खिलाऱ्यांनी विचारले.

“लोक नऊ म्हनत्यात. मला सात दिसल्या. मोतीबिंदू हाये.”

येथे एक गोष्ट उघड करून सांगायला हवी. कुरणवाडीत अनोळखी वस्तू कोणालाच दिसली नव्हती. लष्कर जे जे आकाशात उडवते, ते सर्व कुरणवाडीचे लोक आवाजावरून ओळखतात. कुरण गेल्यापासून या गावाचा निम्मा संसार सरावभूमीवर पडलेल्या लोखंडावर चालत आला आहे. सराव संपला की बायाबापड्या कुंपणाखालून आत शिरत, फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे वेचत आणि ठुब्यांच्या खळ्यावर आणून टाकत. पुढे ते कोठे जाई हे ठुबे जाणत. प्रत्येक गोळ्याला गावाचे स्वतःचे नाव होते: मुसळ, नारळ, बत्ती. रात्री उजेड पाडण्यासाठी तोफेतून उडवतात ती बत्ती. तिला छोटी छत्री असते आणि छत्रीचे पांढरे कापड वर्षानुवर्षे फाटत नाही. गावातल्या प्रत्येक गोधडीच्या पोटात ते कापड होते. अर्थात कुंपणाच्या आत जाणे हा गुन्हा होता. समिती येणार म्हटल्यावर ठुब्यांनी गाव जमवून बजावले होते की जो ‘बत्ती’ म्हणेल त्याला ‘तुला बत्ती कशी ठाऊक’ हा पुढचा प्रश्न येईल, आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग अख्ख्या गावाची झडती येईल. जिवंत असेपर्यंत पोट आणि पोट असेपर्यंत तबकडी, असा ठराव एकमताने झाला. एक मत कोठडीत होते आणि एक मत विचारले गेले नव्हते.

अकरा वर्षे त्या गावात जात-येत असल्यामुळे हे सर्व मला ठाऊक होते. सुभेदार खिलाऱ्यांना ते ठाऊक असणारच. कर्नल गुप्त्यांना ठाऊक होते की नाही, याविषयी त्या दिवशी दुपारपर्यंत मी शंकेचा फायदा देत होतो.

दुपारी चहा झाला. ठकूबाईनेच तो आणला. मी हात धुवायला रांजणापाशी गेलो तेव्हा ती तांब्या घेऊन उभी होती.

“सर, तुमी दगडावरलं वाचता ना?”

“वाचतो. आठशे वर्षांपूर्वीचं असलं तरी वाचता येतं.”

“झिजल्यालं बी?”

“झिजलेलंसुद्धा.”

तिने माझ्या हातावर पाणी घातले. “मंग न झिजल्यालं तर सोपं पडत आसंल,” ती म्हणाली आणि तांब्या घेऊन निघून गेली.

चहानंतर कर्नलांनी आपले निवेदन केले. ते त्यांनी गावकऱ्यांसाठी आणि कुलथे गुरुजींच्या लेखणीसाठी अगदी सोप्या भाषेत केले. समितीने प्रथम आपल्याच घराकडे बोट वळवले आहे, असे ते म्हणाले. हे दिवे म्हणजे सरावातले प्रकाशगोळे असतील काय, याचा त्यांनी कठोरपणे विचार केला होता. परंतु नऊ जानेवारीला सराव नव्हता, तशी लेखी नोंद आहे. दुसरे असे की प्रत्येक प्रकाशगोळ्याच्या छत्रीवर लॉटचा क्रमांक छापलेला असतो. जुने सर्व गोळे सप्टेंबरच्या सरावात संपले. आज कोठारात एकच लॉट आहे, सात क्रमांकाचा. तो डिसेंबरात आला आणि त्याच्या पेट्यांवरची मोहोर अजून तुटलेली नाही. “मी स्वतः मोहोर पाहून आलो आहे,” कर्नल म्हणाले. “तेव्हा सात क्रमांकाची छत्री या जगात पेटीबाहेर कोठेही असू शकत नाही. असती, तर मी आत्ता या क्षणी हा अहवाल फाडून टाकला असता आणि त्या तुरुंगातल्या माणसाला माझ्या जीपमधून घरी आणून सोडला असता. पण नाही. जे आमचे नाही ते आमचे आहे असे आम्ही कसे म्हणावे?”

या शेवटच्या वाक्यात इतका प्रामाणिक विषाद होता की दोन-तीन म्हाताऱ्यांनी हळहळून माना हलवल्या.

मी माझी शबनम पिशवी मांडीवरून काढली आणि शेजारी, गोधडीच्या कोपऱ्यावर ठेवली.

शेवटची साक्ष ठकूबाईची होती. ती ओसरीच्या पायरीवर, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बसली. नऊ तारखेला रात्री नवरा कोठे होता, हे विचारण्याचा समितीला अधिकार नव्हता, आणि ते तिने विचारल्याशिवायच सांगितले: घरात, तापाने फणफणून, तिच्या शेजारी. ते लिहून घेता येत नाही असे खिलाऱ्यांनी हलक्या आवाजात सांगितले. मग वस्तूचा आकार विचारला. ती म्हणाली, तिला आकाराचे काही कळत नाही. वेग विचारला, वेगाचेही कळत नाही. बाविसावा प्रश्न असा होता की वस्तूचे काही अवशेष, तुकडे, द्रव, भुकटी अथवा अन्य पदार्थ आपल्याला सापडले काय.

ठकूबाईने आधी कर्नलांकडे पाहिले, मग सरपंचांकडे, मग माझ्याकडे. मग ती उठली, दोन पायऱ्या चढून माझ्यापर्यंत आली आणि हात पुढे केला.

“सर, पिशवी द्या. खुंटीला अडकवते. उगं आडचन व्हतीया.”

ओसरीवर चाळीस माणसे होती. भिंतीवर, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, खुंटी होती.

“राहू द्या,” मी म्हणालो. “तिथेच ठीक आहे.”

तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो तिने पदराला पुसला, जणू त्याला काही लागले होते, आणि परत पायरीवर जाऊन बसली. खिलाऱ्यांनी बाविसावा प्रश्न पुन्हा वाचला.

“न्हाई,” ती म्हणाली. “आता कायबी न्हाई.”

खिलाऱ्यांनी लिहिले: नाही.

अहवाल जागेवरच पुरा करण्यात आला, आणि खाली तीन सह्या झाल्या. निष्कर्ष असा होता की साक्षीदार सत्यवचनी असून दृश्य वस्तू अनोळखी आहेत. त्या गावाच्या हद्दीत उतरल्या अथवा पडल्या नाहीत. कसून शोध घेऊनही कोणताही अवशेष मिळाला नाही. जगभर अशा समित्या लोकांनी पाहिलेल्या अनोळखी वस्तूंची ओळख पटवण्यासाठी झटत असतात, शुक्र होता, फुगा होता, पक्षी होते, असे सांगत असतात. ओळखीच्या वस्तूला अनोळखी ठरवण्यासाठी बसलेली समिती माझ्या वाचनात दुसरी नाही. तिचे गमक मला सही करताना उमजले. अनोळखी वस्तूला मालक नसतो.

कर्नल सरपंचांकडे जेवायला थांबले. मला तालुक्याला सोडायला सुभेदार खिलारे जीप घेऊन आले. दोन मैल गेल्यावर समोर रस्त्याकडे पाहत त्यांनी विचारले, “सर, पिशवीत काय होतं?”

“ठशाचा कागद. ब्रश. पाण्याची बाटली.”

“जड आसंल.”

मी पिशवी पायांशी सरकवली.

“आकडा मोठ्या साहेबांनी बसायच्या आधीच बघितला होता,” खिलारे म्हणाले. “मी पण बघितला. सात. चांगला ठळक आहे, बाईनं अगदी मधोमध घेतलाय कोपऱ्यात. आम्ही दोघं नोकरीतली माणसं, सर. आम्हाला वाटलं, नागरी सदस्य बोलतील. नागरी सदस्य त्याच्यासाठीच घेतात ना?”

“आणि मी बोललो असतो तर?”

“तर साहेबांना पेट्या उघडाव्या लागल्या असत्या. नाइलाज झाला असता त्यांचा.” त्यांनी गिअर बदलला. “त्या रात्री एका बड्या साहेबांचा निरोपाचा खाना होता. जेवणं झाल्यावर कुणाला तरी हौस आली. तीन बत्त्या. एक वाहत गेली. कुणाचा निरोप, ते विचारू नका.”

मी विचारले नाही. तोपर्यंत मला न विचारण्याचा सराव झाला होता.

आता त्या कोपऱ्याविषयी. कुरणवाडीच्या बायका छत्रीचे कापड गोधडीत घालतात तेव्हा छापील बाजू आत घेतात आणि वरून लुगड्याचा थर देतात, म्हणजे अक्षर कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ठकूबाईला आपल्या शेतात, गंजीपासून फर्लांगभर पलीकडे, दोऱ्या जळून बत्तीपासून सुटलेली आणि एका कडेला जळालेली ती छत्री दहा तारखेला पहाटे मिळाली. तिला वाचता येत नव्हते. पण न फुटलेले गोळे गोळा करायला लष्कराची माणसे शिवारात येत, तेव्हा ती वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावरचा आकडा लिहून घेतात, हे तिने अनेकदा पाहिले होते. ज्यांच्या लेखी आधी आकडा आणि मग वस्तू, त्यांच्यापुढे आकडाच ठेवावा, एवढे तिने त्यावरून जाणले. नवऱ्याला कोठडीत टाकल्यापासून अठरा दिवस तिने ती गोधडी शिवली. छापील बाजू वर ठेवली, तिच्याभोवती टाक्यांची चौकट घातली. तोंडाने बोलली असती तर गावाचे पोट गेले असते, आणि गावाने तिच्याकडून वचन घेतले होते. म्हणून ती बोलली नाही. तिने पुरावा चौकशी समितीच्या खाली अंथरला, समिती त्यावर पाच तास बसली, आणि कोणताही अवशेष मिळाला नाही असे समितीने त्यावर बसूनच लिहिले. वाचणारा म्हणून तिने ज्याला निवडले होते, तो आकडा वाचून त्यावर पिशवी ठेवून बसला.

नवव्या दिवशी परवानगीचे पत्र आले. ‘आपण दाखवलेल्या संयमाबद्दल समिती ऋणी आहे,’ असे खाली कर्नलांच्या हस्ताक्षरात होते. मार्चमध्ये मी ठसा घेतला. दगडाला नेम धरण्याची खूण म्हणून चुना फासलेला होता आणि गाढवाचे डोके एका गोळीने उडाले होते, पण लेख शाबूत होता. बाराव्या शतकातल्या कोणा अधिकाऱ्याने हे कुरण या गावच्या गुरांना चंद्रसूर्य असेतोवर दिले होते, आणि जो ते मोडेल त्याच्यासाठी त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या आईच्या संदर्भात एक शाप होता. मी तो लेख चौदा पानांत संपादून छापला. त्याला पुण्यातल्या एका संस्थेचे पारितोषिक मिळाले. पहिल्याच तळटीपेत मी लष्करी अधिकाऱ्यांचे आभार मानले आहेत. शाप मी बारकाईने तपासला. दान मोडणाऱ्याला तो आहे, मोडताना पाहून गप्प बसणाऱ्याला नाही. लेख कोरून घेणाऱ्याला तशा माणसाची कल्पना आली नसावी.

सप्टेंबरात खटल्याचा निकाल लागला. समितीचा अहवाल सरकारी वकिलांनी वाचून दाखवला. लष्कराने, तेही एका तटस्थ विद्वानासह, निर्वाळा दिला होता की आकाशातून गावाच्या हद्दीत काहीही पडलेले नाही. तेव्हा आग जमिनीवरूनच लागली आणि जमिनीवर भिकाजी होता. तीन वर्षे सक्तमजुरी झाली. तो सुटून आला तेव्हा ज्या बांधावरून सारे सुरू झाले तो बांध तीन हात अलीकडे सरकलेला होता.

निकालानंतर महिन्याभराने ठकूबाई महाविद्यालयात आली. माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत या म्हटले तरी आली नाही. काखेत घडी घातलेली गोधडी होती. ती तिने उंबऱ्यावर ठेवली.

“ही तुमी ठिवा, सर.”

“घरात नको का?”

“नव्या गोधडीवं पाहुना बसला की ती घराची व्हती. हिच्यावं बसलं त्ये पाहुनं न्हवतं.”

मला काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो की तेव्हा परिस्थिती अशी होती, समितीची कार्यकक्षा अशी होती. तिने ते पूर्ण होईपर्यंत ऐकून घेतले.

“तुमास्नी वाचायचं व्हतं,” ती म्हणाली. “पिशवी आड आली. आता निवांत वाचा.”

आणि ती गेली.

कर्नल गुप्ते पुढे ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले. कुलथे गुरुजींनी उडत्या तबकड्यांवर पुस्तिका काढली. तिच्या परिशिष्टात समितीचा अहवाल माझ्या सहीसकट आहे आणि तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्या गोधडीवर मी कधी बसलो नाही, ती कधी पांघरली नाही. शिलालेखांच्या ठशांच्या कपाटात ती आहे. मी एकूण बेचाळीस लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. त्रेचाळिसाव्याचे राहून गेले होते, ते आज शास्त्रीय पद्धतीने येथे देतो.

स्थान: मौजे कुरणवाडी, मूळ जागा आकाश, सध्या संपादकाच्या संग्रहात. माध्यम: पांढरे नायलॉनचे कापड, एक कड जळालेली. अक्षरे: काळ्या शाईत छापलेली, अर्धा इंच उंच. ओळी दोन.

ओळ पहिली: लॉट ०७.

ओळ दुसरी: १०/८६.

लेख पूर्ण आहे. एकही अक्षर झिजलेले नाही. वाचनाबद्दल शंका नाही, तेव्हाही नव्हती.